ओढ्यापलीकडचा आवाज

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये होती, आणि लिफ्टमनच्या खिशात पाठमोरी पक्षी ओरडला. खालून वर चढणारे दोन सूर, मग श्वासभर शांतता, मग तेच दोन सूर लांबून, जरा उतरत्या पट्टीत. आणि त्या लांबच्या आवाजाच्या अगदी शेवटाला एक बारीकसा 'टक'. लिफ्टमनने घाईघाईने खिशात हात घालून फोन गप्प केला आणि तो ओशाळून हसला. "ऑफिसातून सगळ्यांना पाठवलाय हा आवाज, बाई. शुक्रवारी तुमचा निरोपसमारंभ ना, म्हणून. आमच्याकडे तर पोरं दिवसभर हेच वाजवतात. बायको म्हणते, कसला मेला पक्षी, भांडल्यासारखा ओरडतोय." एरवी ती हसली असती, आणि तिने त्याला दोन वाक्यांत समजावून दिलं असतं, की हे भांडण नव्हे, हा संसार आहे, नर ओढ्याच्या या काठाला, मादी त्या काठाला, आणि उजाडताना दोघं एकमेकांची हजेरी घेतात. एकतीस वर्षं ती हे सांगत आली होती. वर्गांत, सभांत, मंत्र्यांपुढे आणि एकदा तर दात काढून घेताना दातांच्या डॉक्टरलाही. आज ती म्हणाली, "परत वाजवा बघू." त्याने वाजवला. सूर, शांतता, सूर, टक. "आणखी एकदा." चौथा मजला आला, दार उघडलं. बाहेर ग्रंथालयातली बाई खाली जायला उभी होती. दोघं एका फोनवर माना वाकवून उभी आहेत असं पाहून तिने जिन्याने जाणं पसंत केलं.

संग्रहालयात तिला सगळे 'कानवाल्या बाई' म्हणत, आणि हे नाव तिला मनापासून आवडायचं. पदाचं नाव लांबलचक होतं, ध्वनिसंग्रह विभागाच्या प्रमुख वगैरे. ते दारावरच्या पाटीपुरतं. तिचा आपल्या कानांवर विश्वास होता, आणि तो फाजील नव्हता. नळ कोणत्या मजल्यावर गळतोय हे ती अंथरुणातून सांगायची. लेकीचा फोन आला की पहिल्या 'आई'वरूनच तिला कळायचं, की आज जावयाशी वाजलं आहे. म्हणून आता त्या 'टक'बद्दल तिला शंका नव्हती. शंका असती तर बरं झालं असतं. आपल्या घराची कडी ओळखावी तसा तिने तो ओळखला होता. तो एका जुन्या, जड, खांद्याला अडकवायच्या टेपरेकॉर्डरचा 'टक' होता. थांबवायचं बटण दाबलं की त्याच्या भोंग्यातूनच तो बाहेर पडायचा. त्या यंत्राची ती खोड होती. जंगलात तिच्याबरोबर आलेला यंत्रं दुरुस्त करणारा माणूस रोज संध्याकाळी म्हणायचा, उद्या ही खोड काढतो. तो माणूस आता तिचा नवरा होता, आणि खोड त्याने कधीच काढली नव्हती.

मग इतकी वर्षं हा टक होता कुठे? खोलीत येऊन, दार लावून, पिशवी न ठेवताच ती उभी राहिली आणि तिला उत्तर सापडलं. उत्तर इतकं साधं होतं की तिला राग आला. तिने ते रेकॉर्डिंग हजारदा ऐकलं होतं, पण दरवेळी उत्तम हेडफोनवर, नाही तर सभागृहातल्या पुरुषभर उंचीच्या स्पीकरवर. तिथे ओढा असायचा. ओढ्याची ती भरीव, खालची घरघर सगळ्यावर पांघरुणासारखी पसरलेली, आणि लोक डोळे मिटून म्हणायचे, वा, जंगलात गेल्यासारखं वाटतं. लिफ्टमनच्या फोनला ओढा परवडत नव्हता. त्याच्या चिमूटभर स्पीकरमधून खालचे आवाज येतच नव्हते. ओढा गेला, पानं गेली, अंतर गेलं, आणि खाली बसलेला टक वर आला. म्हणजे जे उत्तम यंत्रांनी झाकलं ते एका स्वस्त यंत्राने उघडं पाडलं. शिवाय लिफ्टमनच्या बायकोला जे भांडण एका झटक्यात ऐकू आलं, ते कानवाल्या बाईंना एकतीस वर्षांत ऐकू आलं नव्हतं. पण हे तिने स्वतःशी तेव्हा कबूल केलं नाही. ते ती संध्याकाळपर्यंत पुढे ढकलणार होती.

पाठमोरी हे नाव जंगलाकडेच्या लोकांनी दिलेलं. मुठीएवढा पक्षी, पोटाकडून पिकल्या फळासारखा भडक, आणि पाठीकडून निव्वळ वाळका पाला. माणसाची चाहूल लागली की उडत नाही, पळत नाही. फक्त पाठ फिरवतो आणि थांबतो. आपण एका पानाकडे बघतोय अशी समजूत करून घेऊन माणूस पुढे जातो. जन्मभर जंगलात राहिलेली म्हातारी माणसं शपथेवर सांगायची, की आम्ही तिला दोनदा पाहिली, तीनदा पाहिली, त्याहून जास्त नाही. ती जमिनीवरच जगते. चालताना पाय आपटत नाही, पाला उकरत नाही. एकेक पान चोचीने उचलते, बाजूला ठेवते, खालचं खाते, पुढच्या पानाला जाते. गोगलगायी फोडायला तिचा एक ठरलेला दगड असतो, आणि त्या दगडाभोवती शंखांच्या चुऱ्याचं एक कडं साचतं. घरटं जमिनीवरच, मुळांच्या बेचक्यात, पानांचा घुमट आणि एका अंगाला बोटभर वाटोळं दार. त्यावर पाय पडेपर्यंत ते घरटं आहे हे कळत नाही. हे सगळं तिने पाहिलं होतं, लिहिलं होतं, आणि यातलं अक्षरही आज डळमळत नव्हतं. डळमळत होतं ते एकच वाक्य, पण त्याच वाक्याने तिला नाव दिलं होतं: 'नर आणि मादी ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकांना साद घालतात, मादीची साद अर्ध्या सुराने खाली असते.' तिच्याआधी हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्यानंतर ते सगळ्यांनी उचललं. आता पक्ष्यांचा नवा मोठा ग्रंथ निघत होता, शाळांपासून वनखात्यापर्यंत सगळे पुढची तीस वर्षं ज्याच्यावर हात ठेवून बोलतील असा. त्यात पाठमोरीचं पान तिचं होतं. शेवटचं मुद्रित वाचून तिने परवाच परत दिलं होतं, आणि उद्या सकाळी दहाला ग्रंथ छपाईला जायचा होता. निवृत्तीनंतर तिच्या मागे या इमारतीत काय राहणार, तर खोलीभर रिळं आणि ते एक पान.

तिने मूळ रीळ काढलं. एखाद्या तपासनिसासारखी ती बसली, आणि तिला लाज वाटली, की आपल्याला यात मजाही येते आहे. आधी ओढ्याची घरघर कापून टाकली. मग ऐकलं. पहिली साद जवळची, ठसठशीत. दुसरी लांबची, आणि टक. पुन्हा जवळची. लांबची, टक. चार वेळा साद, चार वेळा उत्तर, चार टक. मग तिने कपाटाच्या तळातून ते दुसरं रीळ काढलं, तिच्या जन्माच्याही आधी कुणीतरी दुसऱ्याच जंगलात टिपलेलं, पाठमोरीचा एकच सुटा आवाज असलेलं. त्याचीच नक्कल ते तेव्हा बरोबर घेऊन गेले होते. पक्ष्याला त्याचा आवाज ऐकवायचा आणि तो उत्तर देतो का पाहायचं, ही या धंद्यातली जुनी रीत. तिने ओढ्यापलीकडच्या मादीचा आवाज घेतला, थोडासा जलद केला, एवढासाच, अर्धा सूर वर येईपर्यंत, आणि जुन्या रिळावर ठेवला. दोन्ही एकमेकांवर असे बसले की मध्ये सुई जाऊ नये. दुसऱ्या सुराच्या सुरुवातीला जुन्या पक्ष्याचा आवाज किंचित अडखळायचा. मादीही तिथेच अडखळली. चारही वेळा. म्हणजे मादी नव्हतीच. मादीच्या आवाजाचं ते खालच्या पट्टीतलं मार्दव, ज्यावर तिने पानभर लिहिलं होतं आणि एका कवीने तिला पत्र पाठवलं होतं, ते टेप हळू फिरल्यामुळे आलं होतं.

नियम तिचाच होता. उजाडतानाचा एक तास टेप लावायची नाही. त्या तासात फक्त ऐकायचं. कारण त्याच तासात पक्षी आपणहून बोलतो, आणि त्याच तासात माणूस स्वतःचीच टेप ऐकून फसतो. नव्या लोकांना शिकवताना ती हमखास एक किस्सा सांगायची. दोन मोजणीवाले एकाच जंगलात दोन टोकांनी शिरले, दोघांनी टेपा लावल्या, दोघांनी एकमेकांच्या टेपा ऐकल्या, आणि संध्याकाळी मिळून अकरा पक्षी मोजून आले, पक्षी शून्य. वर्ग पोट धरून हसायचा. नवरा त्या वर्गांना यंत्रं लावायला असायचा, आणि किस्सा सुरू झाला की त्याला एखादी वायर तपासायची आठवण व्हायची. हे तिला आत्ता, या क्षणी आठवलं. त्याची पाठ, आणि त्या पाठीपलीकडे वायर. इतक्या वर्षांत तिला वाटत आलं होतं, की किस्सा ऐकून ऐकून त्याला कंटाळा आला आहे.

आणि मग तो एकोणिसावा दिवस. अठरा पहाटा ती त्याच झाडाच्या मुळांत, गुडघ्यांवर मायक्रोफोन घेऊन बसली होती. मुंग्या, घाम, ओल्या मोज्यांचा वास, आणि पाठमोरीचा मागमूसही नाही. नवरा, तेव्हा नुसता यंत्रवाला, तो जड टेपरेकॉर्डर घेऊन ओढ्याच्या पलीकडे, पंचवीस-तीस पावलांवर. दोन काठांवर दोन माणसं, म्हणजे आवाज आला तर दिशा कळेल. एकोणिसाव्या दिवशी दुपारी परतायचं होतं. परवानगी संपली होती, आणि संग्रहालयात मोठे साहेब आधीच म्हणून बसले होते, की बाईमाणसाला जंगलात पाठवून काय साधणार. त्या पहाटे, आता आवरावं असं वाटत असताना, ओढ्यापलीकडून ती साद आली, अगदी पुसट. आणि पाठोपाठ तिच्या उजव्या हाताला, चार पावलांवर, पाल्यातून तसेच दोन सूर उठले. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. रीळ फिरवायला सुरुवात केली तेव्हा पहिली पलीकडची साद निसटून गेली होती, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये आधी बोलतो तो जवळचा पक्षी, आणि पलीकडची साद त्याला आलेलं उत्तर वाटते. चौथ्या वेळी जवळचा आवाज जलद आणि धारदार झाला. तिने लिहिलं होतं, 'उत्कट'. मग सगळं शांत. ती उठली, ओढ्यात शिरली, कमरेपर्यंत भिजली, पलीकडे गेली. तो दगडावर बसला होता, चेहरा पांढराफटक. तिने त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला हलवलं आणि ओरडून सांगितलं, "दोन आहेत! दोघं आहेत, दोघं बोलतात एकमेकांशी!" तो काहीतरी म्हणायला गेला. तिने त्याला बोलू दिलं नाही. तिथेच, निथळत, हसत, रडत, तिने त्याला विचारलं, माझ्याशी लग्न करशील का. घरच्यांना, नातेवाइकांना ती हे नेहमी मोठ्या तोऱ्यात सांगायची, की मागणी मी घातली, तीही कमरेइतक्या पाण्यातून येऊन. सासूबाई तेवढ्यासाठी शेवटपर्यंत तिच्यावर खूश होत्या. म्हणायच्या, नाही तर आमचा हा दगडावर बसूनच म्हातारा झाला असता.

संग्रहालय ते घर हे अंतर ती रोज चालत जायची. आजही गेली. दुकानांची शटरं, बसचे ब्रेक, लहान मुलाच्या सायकलची घंटा, सगळं नेहमीसारखं कानांत येत होतं आणि बिनबोभाट नावानिशी जागेवर बसत होतं. कान शाबूत होते. मग चुकलं कुठे? ती स्वतःशी अगदी स्पष्ट बोलली, कारण ती तशीच बाई होती. गप्प बसता येईल. कुणाला कळणार आहे? लिफ्टमनला टक ऐकू येतो, पण त्याचा अर्थ त्याला लागत नाही. ज्यांना अर्थ लागेल ते उत्तम हेडफोनवर ऐकतात. ग्रंथ छापला जाईल, शुक्रवारी हार घातला जाईल, सभागृहात ओढा वाहेल, लोक डोळे मिटतील. पक्ष्याचं त्याने काही बिघडत नाही. जवळचा आवाज खराच आहे, जंगल राखीव झालं ते त्या खऱ्या आवाजावर, आणि ते तसंच राहील. बिघडेल ते तिचं. साठाव्या वर्षी, निरोपाच्या तीन दिवस आधी. ती एका बुटांच्या दुकानासमोर उभी राहून काचेतले बूट बघत राहिली. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं. शिवाय त्या दोन टेपा एकमेकांवर बसलेल्या तिने ऐकल्या होत्या, आणि एकदा ऐकलेलं न ऐकल्यासारखं करणं तिला कधीच साधलं नव्हतं. म्हणजे पानाचं ठरल्यासारखंच होतं. भीती तिला पानाची नव्हती. सभागृहात दरवेळी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवणाऱ्या नवऱ्याची होती.

काचेसमोर उभं राहूनच तिला पुढचं सुचलं, आणि ते सुचल्यावर भीती जरा मागे सरली. जर पलीकडे मादी नव्हती, तर जवळच्या नराने उत्तर दिलं ते कुणाला? परक्याला. आपल्या जागेत घुसलेल्या अनोळखी नराला. उत्कट कसला, तो संतापला होता. चालता हो म्हणत होता. नंतरच्या वर्षांत घरट्याजवळ दोनदा तिने जोडी पाहिली होती, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. नर चारा आणायचा, मादी दारातून डोकं काढायची, आणि दिवसभर चकार शब्द नाही. आपली अळीमिळी गुपचिळी. तिने तेव्हा वहीत लिहिलं होतं, 'घरट्याजवळ सावधगिरीने मौन'. पुढे कुणालाच मादीची साद मिळाली नाही, तेव्हा सगळ्यांनी म्हटलं, पक्षी दुर्मीळ आहे. पुस्तकं पुस्तकांवरून लिहिली जातात. जे समोर होतं ते एवढंच, की ही जोडी एकमेकांशी बोलतच नाही. ती बोलते ती फक्त परक्याशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हे नवं होतं. हे कुणीही लिहिलेलं नव्हतं. आणि अठरा पहाटा चार पावलांवर बसूनही तो पक्षी तिच्यावर एकदाही ओरडला नव्हता. पण याचा काय अर्थ लावायचा हे तिला कळेना, आणि हे पानात घालण्यासारखं नाही एवढं मात्र कळलं. ती झपाझपा चालायला लागली.

नवरा जेवणाच्या टेबलावर शेजाऱ्यांचा पंखा उघडून बसला होता. सेवानिवृत्त होऊन त्याला चार वर्षं झाली होती, आणि या इमारतीतलं एकही यंत्र आता नीट मरू शकत नव्हतं. वरचे बारीक आवाज त्याला ऐकू येईनासे झाले होते. किटलीची शिट्टी, दाराची घंटा. ती आत आली हे त्याला टेबलावरचे स्क्रू हलले तेव्हा कळलं. "चहा ठेवू?" तो म्हणाला. "नको. हे ऐक." तिने पर्समधून फोन काढला, स्क्रूंच्या मध्ये ठेवला आणि वाजवला. तो मान तिरकी करून ऐकत राहिला.

"पाठमोरी. शुक्रवारचं ना?"

"शेवटी काय आहे?"

"शेवटी काय असणार? मादी आहे."

त्याला टक ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिने पुन्हा वाजवलं, आणि या वेळी फोनकडे न बघता त्याच्या हातांकडे बघितलं. जवळची साद. शांतता. लांबची साद. आणि तिच्या शेवटाला, जिथे टक होता बरोबर तिथे, त्याच्या उजव्या हाताचा अंगठा टेबलावर दाबला गेला. त्यानेही ते पाहिलं.

"सेल उतरले होते," तो म्हणाला.

"ते कळलं मला. अर्ध्या सुराने उतरले होते."

"त्या दिवशी निघायचं होतं. अठरा दिवस तू त्या मुळांत बसलेलीस. मला वाटलं, एकदाच लावावी. कुठे असेल तर बोलेल तरी. मग तो बोलला. मग मला राहवेना, मी परत लावली."

"चार वेळा."

"पाच. पहिली तुझ्याकडे टेपवर आलीच नाही."

तिला त्याचा भयंकर राग आला. पाच हा आकडा त्याला पाठ होता, म्हणून जास्तच आला. "आणि सांगितलं का नाहीस? मी दर सभेत हे सांगत होते. तू तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतास! मी त्या अकरा पक्ष्यांचा किस्सा सांगून लोकांना हसवत होते आणि तू वायरी तपासत होतास!"

"सांगायलाच उठत होतो. तू पाण्यातून आलीस आणि दोन आहेत, दोन आहेत करत मला हलवायला लागलीस. आणि मग ते विचारलंस." त्याने एक स्क्रू उचलून परत ठेवला. "आता सांग, काय म्हणायला हवं होतं मी? हो म्हणायचं, की टेप म्हणायचं? दोन्ही एकदम सुचेना. हो आधी आलं तोंडात."

"आणि दुसऱ्या दिवशी? महिन्याने? लेक झाली तेव्हा?"

"दुसऱ्या दिवशी तू वहीत लिहीत होतीस. नंतर ते छापून आलं. जितका उशीर झाला, तितकं अवघड झालं. हे सगळ्यांचंच होतं गं."

"सगळ्यांचं काय करायचंय मला? माझं झालं." तिचा आवाज चढला आणि फाटला. ती खाली बसली. तिला वाटलं होतं, आपण रडू. पण रडू आलं नाही. आला तो एक विचित्र, उलटा दिलासा, की आपला कान फसला ते पक्ष्यापुढे नव्हे. या एका माणसापुढे. त्याच्याबाबतीत ती कधी ऐकतच नव्हती, हे तिला आता दिसत होतं. नळ, कडी, लेक, जावई, सगळ्यांचं ऐकू येत होतं. हा शेजारी असायचा, गप्प असायचा, म्हणजे सगळं ठीक असणार. "तेव्हाच सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं माहितेय?"

"यंत्र ओढ्यात फेकलं असतंस. मागोमाग मला."

"आणि मग?"

"मी पोहत बाहेर आलो असतो," तो म्हणाला, आणि विनोद केला असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. "आणि परत विचारशील का म्हणून तिथेच बसलो असतो."

तिने फोन उचलला आणि ग्रंथाच्या संपादक बाईंना लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता, आणि एक दार बंद झालं. "मॅडम? सगळं ठीक ना? उद्या सकाळी पानं चाललीयत."

"माझ्या पानावरची दुसऱ्या परिच्छेदातली तिसरी ओळ काढा. मी नवी सांगते, लिहून घ्या. 'पाठमोरी आपल्या जोडीदाराशी आवाजाने बोलते, याला पुरावा नाही. तिची साद आपल्या जागेत शिरलेल्या परक्यासाठी असते. मादीचा आवाज आजवर कुणीही टिपलेला नाही.'"

पलीकडे पेन थांबलं. "मॅडम, पण ती ओळ... ती तर तुमचीच ओळ आहे. शुक्रवारी तेच वाजवणार आहेत सगळे."

"म्हणूनच मला काढता येते. दुसरी साद टेपची आहे. मी आज सिद्ध करून पाहिलं, उद्या सकाळी आठ वाजता या, तुम्हालाही ऐकवते. आणि शुक्रवारी वाजवायचं म्हणजे वाजवायचंच. कुठे काय आहे ते मी उभी राहून सांगेन. लोक हसले तर हसू देत. गोष्ट हसण्यासारखीच आहे."

"बरं," संपादक बाई सावकाश म्हणाल्या. त्या मुळात हुशार होत्या, आणि त्यांना घाई होती. "पण मग खाली टीप द्यावी लागेल. आधीच्या नोंदीत चूक होती म्हणून. कुणाची चूक लिहू?"

"माझी," ती लगेच म्हणाली.

नवऱ्याला पलीकडचं ऐकू आलं नव्हतं, पण हे ऐकू आलं. तो उठून उभा राहिला. हात पंख्याच्या तेलाने काळे, आणि चेहरा त्या पहाटेसारखाच पांढरा. "माझं नाव घालायला सांग," तो म्हणाला. "बटण मी दाबलं."

क्षणभर तिला नाही म्हणावंसं वाटलं. चूक का असेना, ती तिची एकटीची होती, आणि त्यात एक ऐट होती. रेकॉर्डिंगवर त्याचं नाव घालू का म्हणून तिने पूर्वी विचारलं तेव्हा तो नको म्हणाला होता, आणि ती त्याला विनय समजली होती. "ध्वनिमुद्रण आणि निष्कर्ष माझा," ती फोनमध्ये म्हणाली, "टेप वाजवणारा माझा नवरा. दोघांची पूर्ण नावं घाला. आणि त्यांचं आधी घाला. आधी त्यांनी बटण दाबलं, मग मी फसले." तिने फोन बंद केला. खिडकीत अजून उजेड होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली, रस्त्यावर बस थांबली आणि सुटली. नवरा तसाच उभा होता, तिच्याकडे तोंड करून, काय करावं हे न कळल्यासारखा.

"बस," ती म्हणाली. तो बसला.

"आणखी काही आहे का? एकतीस वर्षांतलं, मला न सांगितलेलं?"

त्याने नाही म्हणून टाकलं नाही. पंख्याच्या पात्यावर बोट ठेवून तो खरोखर विचार करत बसला, आणि तिने त्याला घाई केली नाही.

"दोन आहेत," तो म्हणाला.

"मोठ्या?"

"एक मोठी. एक किरकोळ."

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि मधले स्क्रू हाताने बाजूला सारले.

"किरकोळ आधी सांग," ती म्हणाली.